काटा रिपेर

मालंडकर मला बसायला तांदळाचं पोतं देतात.
खुर्चीवर एक इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आतडी बाहेर काढलेला,
त्याला हलवायचं नाही.
दाणाबंदरची गल्ली, दुपारचे तीन,
हवेत हळद आणि डिझेल,
माझ्या मांडीवर त्यांची वेबसाइट.

"गेल्या दिवाळीपासून आहे," ते म्हणतात.
"अठरा हजार घेतले पोरानं. एक फोन नाही.
शोधलं तर गोरेगावचा एक दिसतो,
ठाण्याचे दोघे दिसतात,
वजन कमी करायचे घरगुती उपाय दिसतात.
मी नाही."

मी आधी नाडी बघते.
शोधपेटीत त्यांच्या साइटचा पत्ता टाकते, नुसता पत्ता.
शून्य.
मागे पडलेला माणूस निदान अकराव्या पानावर सापडतो.
हे तर हजेरीपटावरच नाहीत.

मग पानाच्या पोटातला मजकूर उघडते,
माणसांना न दिसणारा,
आणि चौथ्या ओळीत ती बसलेली असते,
यंत्रांसाठी लिहिलेली सूचना:
आमची नोंद घेऊ नका.
साइटचं काम चालू होतं तेव्हा लावलेली.
पोरगा पैसे घेऊन पुण्याला गेला,
पाटी दारावर राहिली.

नऊ महिने, मालंडकर,
कोणीतरी अधूनमधून तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत होतं
आणि पाटी वाचून
शहाण्यासारखं परत जात होतं.

ते चष्मा काढतात. पुसत नाहीत. पुन्हा घालतात.

पाटी काढायला चार सेकंद लागले.
बाकीच्याला संध्याकाळ झाली.
प्रत्येक पानाचं शीर्षक 'होम'.
भांडुप, मुलुंड, कुर्ला, वाशी अशी सतरा पानं,
वर गावाचं नाव तेवढं वेगळं, खाली तोच परिच्छेद,
वरात कुणाचीही असो, बँडवाल्याचं गाणं एकच.
फोन नंबर फोटोत अडकलेला, बोट लावलं तर लागत नाही.
आणि अगदी तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात,
तराजू तराजू तराजू तराजू तराजू

मी ते निळं करून दाखवलं.
मालंडकर वाकले. बराच वेळ बघत राहिले.
"हे म्हणजे," ते म्हणाले,
"पारड्याखाली मेण लावणं झालं."
मी समजावून सांगणार होते.
गरज उरली नाही.

"आणि हे वर काय लिहिलंय?"
प्रिसिजन वेइंग सोल्युशन्स.
"गिऱ्हाईक काय म्हणतं?"
त्यांनी बाहेर हाक मारली,
"ए निवृत्ती, हा बिघडला तर तू काय शोधशील?"
पाठीवरचं पोतं न उतरवता हमाल म्हणाला,
"काटा रिपेर."
मी तेच लिहिलं. रिपेर. दुरुस्तीही लिहिलं खाली,
व्याकरणाला वाईट वाटू नये म्हणून.

"उद्या दिसेन?"
नाही. पंधरवडा, कदाचित महिना.
कितवा नंबर, ते मी सांगू शकत नाही.
कोणी छातीठोक सांगितलं तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

त्यांनी माझ्यासाठी मागवलेला कटिंग पुढे सरकवला.
"आमच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो.
साहेब येतो, वजनं ठेवतो, बघतो, मग ठोकतो.
तुमच्या त्या इंजिनाचा काटा
कोण तपासतं?"

मी चहा प्यायले.

त्यानंतर रोज सकाळी साडेनऊला फोन: "आलो का?"
नाही, मालंडकर.
"आज?"
नाही.
अकराव्या दिवशी पाटी दिसली, पण ठाण्याच्या दोघांच्या मागे, बऱ्याच मागे.
सोळाव्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. मीच केला.

एकोणिसाव्या दिवशी मी दुकानात होते, पोत्यावरच,
तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून कोणी बाई बोलत होती,
कोळंबीचा काटा पावशेर चुकतोय,
लगेच या, नेटवर नंबर मिळाला.

मी त्यांच्याकडे बघितलं. हसले नाहीत ते.
फोन कानाशी घट्ट धरून म्हणाले,
"चुकतोय म्हणजे कुणाच्या बाजूनं, बाई?
तुमच्या, की गिऱ्हाइकाच्या?"

पलीकडे धक्क्यावरचा गलका ऐकू येत होता,
आणि ती
अजून विचार करत होती.