जूनची ऑर्डर

दर जूनला शाळेतून चिठ्ठी यायची:
दोन डझन. सव्वा हाती. गाठ नको.
वर्तक सर म्हणायचे, नकाशा दाखवायला.
दादा सुपं बाजूला सारायचा,
जांभळी नाक्याच्या बोळात उकिडवा बसून
कामट्या काढायचा, काचेच्या तुकड्यानं तासायचा,
मग स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचा
कुसळ लागतं का.

नद्यांची नावं चुकले त्या दिवशी
मी तिला लगेच ओळखलं.
आमच्याच ओट्यावरची. ओल्या बांबूचा वास.
हात सैल सोडला की कमी लागतं
हे मला तिसरीत कळलं.
नद्या अजून कळायच्यात.

घरी सांगितलं, तवा लागला.
दादानं खोबरेल लावलं.
काही विचारलं नाही.

आळीत सगळे म्हणायचे, मारानंच माणूस घडतो,
बांबू काय शेकल्याशिवाय वाकतो?
भिजवूनही वाकतो, दादा म्हणायचा,
पण हळू.
गिऱ्हाईक समोर असायचं.

दिवाळीपर्यंत छड्या मोडायच्या.
माल कच्चा तुमचा, सर चिडायचे,
आणि पुन्हा डझनभर सांगायचे.

मग कधीतरी कायदा आला. चिठ्ठी बंद.

मीही नितेशला एकदा दिली,
डब्यातल्या वीस रुपयांसाठी.
त्यानंतर त्यानं कधी चोरी केली नाही,
असं मी चारचौघांत सांगते.
खोटं बोलताना सरळ डोळ्यांत बघायला शिकला,
ते सांगत नाही.

दादा गेल्यावर माळा उपसला.
न गेलेल्या ऑर्डरीतल्या सात छड्या निघाल्या.
प्रत्येकीच्या मुठीपाशी, आतल्या अंगाला
कोयत्याची केसाएवढी चीर.

दया होती, की धंदा?
उजेडात धरून बघितलं.
चीर काही बोलत नाही.

परवा घोडबंदरच्या टॉवरमधली एक बाई आली.
सुपाचा भाव करून झाल्यावर म्हणाली,
एखादी बारीक छडी मिळेल का हो?
मारायला नाही. नुसती दाखवायला.
तिचा मुलगा टोपल्या मोजत होता,
सतरावर थांबला,
दोन्ही पंजे काखेत.

मी विचारलं, नकाशा आहे का घरी?
ती हसली. तिला कळलं नाही.
वेत संपलाय, म्हटलं,
आणि माळ्याकडे बघायचं टाळलं.

बराच वेळ गेला.
मग मुलगा म्हणाला, अठरा.