विशेषणं खोडून

वाळवणीच्या कपाटात बावीस जोड हातमोजे,
ओल्या लोकरीचा वास,
आणि तोर्निओत दुपारी अडीचलाच पडलेला अंधार.
बर्फातले कपडे उतरवायला एका पोराला सहा मिनिटं लागतात.
आधी बूट, मग चेन, मग आतली लोकर.
आर्वोला त्या दिवशी दहा लागली.
"डावा हात मीच काढतो," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

दंडावर चार खुणा एका बाजूला.
पाचवी, मोठी, आतून.
मी बाही खाली ओढली,
जणू मला ती फक्त सरळच करायची होती.

सप्टेंबरात एकदा झोपेच्या वेळी तो गादीखाली शिरला होता.
थंडी असेल, मी म्हटलं.
कानाडोळा.
शब्दात कान आहे, डोळा आहे,
तोंड तेवढं नाही.

पिर्क्को दार लावून म्हणाली,
"शोध घ्यायला आपण पोलीस नाही. खात्री नको, शंका पुरते.
पण सांगायचं आजच.
आणि मी नाही, तू. ज्यानं पाहिलं त्यानं."

काय दिसलं. किती वाजता.
मूल काय बोललं, त्याच्याच शब्दांत.
मी लिहिलं 'भयंकर'. खोडलं.
'बिचारा' खोडलं.
'त्याच्या आईचा तो नवा' एवढं लिहून थांबले,
कारण ते मी पाहिलं नव्हतं,
दुकानात रांगेत ऐकलं होतं.
शेवटी चार ओळी उरल्या.
हातमोज्यासारख्या, आत हात नसलेल्या.

खाली नाव.
शेजाऱ्यांना निनावी राहता येतं, आम्हाला नाही.
हेन्रीका वाचेल: नाव, हुद्दा, तारीख.
हेन्रीका, जिच्या शेजारी मी दर मंगळवारी
तलावावरच्या सौनात घामाघूम बसते,
जिनं दिलेली लिंगनबेरीच्या मुरंब्याची बाटली
माझ्या फ्रिजमध्ये अर्धी आहे.

त्याच सकाळी सागाला मी दटावलं होतं,
"सारख्या चहाड्या सांगू नकोस."
चार वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबलं.
पडद्यावर आलं: मिळाले.
बस, इतकंच.
मी बावीस जोड पुन्हा मोजले. एक मोजा कमी निघाला.

गुरुवारी हेन्रीका आली. टोपीवर बर्फ, तो झटकलाही नाही.
"आधी मला विचारायचं होतंस."
याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात दिलेलं आहे,
दोन वाक्यांचं, सौम्य, बरोबर.
मी म्हटलं, "त्याचे बूट ओले आहेत."
ती उभी राहिली. मग खिशातून एक मोजा काढून
माझ्या हातात न देता बाकावर ठेवला.

दार बंद झालं.
आर्वोनं उजवा हात पुढे केला.
"हा तू काढ," म्हणाला.
"तो मीच."