फुंकर

डेन्व्हरहून निघालो तेव्हा चिप्सचं पाकीट साधंच होतं.
लेडव्हिलला पोचेपर्यंत ते फुगून गच्च झालं,
भाव चढलेल्या दिवशीच्या दलालासारखं.
माझ्या कपाळात मात्र कुणीतरी
बारीक हातोडी चालवत होतं,
घाई न करता, रोजावर बसल्यासारखं.

वेशीवरच उंची लिहिलीय:
दहा हजार एकशे बावन्न फूट.
मग टोप्यांवर, कपांवर, दुकानाच्या काचेवर.
गाव रोज सकाळी उठून स्वतःला मोजतं
आणि तितकंच भरलं म्हणून खूश होतं.

मोटेलवाली लोरेना आर्चुलेटा म्हणाली,
"पाणी पी. हळू चाल. जिन्यात बोलू नकोस."
काउंटरखालून एक डबा काढून दाखवला.
हवा. डबाबंद. चौदा डॉलर.
मी हसले. हसायलाही श्वास खर्च होतो
हे एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.
शार्दूल डोकं धरून झोपला, मी एकटीच निघाले.

मोठ्या रस्त्यावर विटांच्या इमारती
अजून छाती काढून उभ्या.
नाटकघर, बँका, हॉटेल,
सगळं चांदीच्या भरवशावर उचललेलं,
आणि मग एका उन्हाळ्यात भाव पडला.
गाइड हे इतिहास म्हणून सांगत होता.
आमच्या हुपरीत ते संध्याकाळचं वाक्य होतं.
भाव पडला की आमटी पातळ व्हायची,
आणि झारेकऱ्याला द्यायची राख
बाबा आधी स्वतःच एकदा चाळायचे.

एका दुकानात कर्णफूल उचललं,
सवयीनं उलटं केलं.
झाळ जाड, ओघळलेली.
बाबांनी ते पुन्हा मुशीत टाकलं असतं.
दुकानातला पोरगा म्हणाला, "समोरून बघा ना."
त्याला काय सांगू,
आमच्यात समोरून गिऱ्हाईक बघतं.

दुपारी कबरस्तान.
पाइनखालची जमीन ओळीनं खचलेली,
माणूस उठून गेल्यावर गादी राहते तशी.
आयर्लंडहून आलेले खाणकामगार,
पुष्कळसे शार्दूलच्या वयाचे, काही तर तान्ही लेकरं.
नावं अलीकडे एका उंचवट्यावर लिहून ठेवलीत,
कुठला खळगा कुणाचा, ते नाही.
एका खळग्यात जूनमधलं बर्फ उरलेलं,
काळपट, बरीच वर्षं न उजळलेल्या ताटलीसारखं.
उभं राहवेना म्हणून बसले.
ऐकू येत होता फक्त माझाच श्वास,
आखूड, उसना आणल्यासारखा.

बाबा फुंकणी तोंडात धरायचे
तेव्हा गाल घुंगरासारखे गोल व्हायचे.
नाकानं आत, तोंडानं बाहेर,
ज्योत वाकडी, पण धार अखंड.
धार तुटली की झाळ फसली.
त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही,
घरात कुणी मेलं तरी.
एका पैंजणाला किती फुंका,
आणि पैंजणं किती,
हा हिशेब मी एकदा वहीत मांडायला घेतला
आणि मधेच वही मिटली.
गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला होता.
मी नीट बघितला नव्हता.

रात्री फोन लावला. तिकडे सकाळ.
"चांदीच्या गावाला गेलीस म्हणे. काय घेतलंस?"
"काही नाही. झाळ बरी नव्हती."
"मग बरं केलंस. हवा कशी आहे?"
"विकत मिळते."
ते हसले, हसता हसता खोकायला लागले.
खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

किटली शिट्टीवर आली होती.
इथं पाणी लवकर उकळतं,
पण पुरतं तापत नाही.
चहा पांचट झाला, आणि कोमट.
तरी मी कप तोंडाशी नेला
आणि त्यावर फुंकर घातली, लांब,
जमेल तितकी लांब.