चोवीस नंबरचा बिल्ला

बाई लुनाशेजारी उभी आहे. साल त्र्याऐंशी,
जागा बहुधा सारसबागेसमोरची.
मूळ फोटोत लुना लाल. माझ्या पडद्यावर पट्टेरी,
एक ओळ निळी, एक हिरवी, एक लाल,
आणि बाईचे पाय जमिनीवर, गुडघे थोडे उजवीकडे,
कंबर आणखी, आणि डोकं
पार चौकटीबाहेर जाऊन डावीकडून परत आत आलेलं.

परांडे सर मागून म्हणाले, "चालती झाली की काय?"
आणि चहाला गेले.

आम्ही म्हणतो लाल, हिरवा, निळा.
ही फाइल मांडते निळा, हिरवा, लाल.
ओळीही खालून वर:
बाईला आधी चपला, मग साडी, शेवटी कपाळ.
तो क्रम बदलला. पट्टे तसेच.

मेमरीला कागद माहीत नाही.
तिला रुंदी नाही, उंची नाही,
नारायण पेठेतल्यासारखा एकच लांबलचक बोळ,
दाराला दार, दारावर नंबर,
आणि चित्र म्हणजे तुम्ही किती दारांनंतर
"आता नवी ओळ" म्हणता, एवढंच.
मी म्हणत होते तीन हजार त्रेसष्ट.
एक हजार एकवीस पिक्सेल, प्रत्येकाची तीन दारं.
गुणाकार पुन्हा केला. कागदावरही केला.

आठ वाजता मंडईमागच्या पार्किंगला आले.
गाड्या चिकटून, हँडल लॉक,
आरशात आरसा अडकलेला.
गुलाबराव धनवडे खुर्चीतून उठले नाहीत.
बिल्ला पाहिला. एकशे एकोणपन्नास.
"चोवीस सक चव्वेचाळाशे. सहा रांगा सोडा,
सातवीत पाचवी. पांढरी."
गेले. सातवीत पाचवी. माझीच.

बाहेर काढताना उगाच मोजल्या,
दिवसभर मोजतच होते म्हणून.
रांगेत गाड्या तेवीस.
"काका, तेवीसच आहेत."
"तेवीसच असणार. पुढं खांब आहे."
"मग चोवीसनं का गुणलं?"

साइडस्टँडवर आडव्या लावलेल्या गाडीकडे पाहावं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग खुर्चीखालून बिस्किटांचा डबा काढला.
आत पितळी बिल्ले, एकावरही ओरखडा नाही:
चोवीस. अठ्ठेचाळीस. बहात्तर. शहाण्णव.
"हे कुणाला देत नाही. खांबाचे आहेत.
वरच्या मजल्यावर खांब नाही, तिथं चोवीस लागतात.
दोन पाढे कोण ध्यानात ठेवणार?
मालक म्हणाले, पैसे वाया.
म्हटलं, जाऊ द्या. हिशेब एकाने हुकला
तर तुमची गाडी तिसराच घेऊन जाईल."

मी तिथंच उभी, हेल्मेट अर्धं डोक्यात.
तीन हजार त्रेसष्टला चारानं भाग जात नाही.
चौसष्टला जातो.
मशीनला चार-चारचा घास लागतो, म्हणून
प्रत्येक ओळीच्या शेवटी ते एक घर सोडतं,
शून्य ठेवून, न बोलता.
तिथं कुणी राहत नाही. पण मोजायचं असतं.
आणि मी ते रिकामं घर
बाईच्या अंगावर चढवत होते,
ओळीमागून ओळ, बाराशे वेळा.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.
"ताई, निघा आता," गुलाबराव म्हणाले.

रात्री घरून एके ठिकाणी एक मिळवला.
बाई सरळ झाली.
लुना लाल, बाकी काही नाही, फक्त लाल.
पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचलेला,
हे तेव्हा दिसलं.

त्या ओळीशेजारी टीप लिहून ठेवली:
खांबाचा बिल्ला आहे, काढू नये.
सकाळी परांडे सरांनी विचारलं, कसला खांब?
म्हटलं, चला, दाखवते.
म्हणाले, पार्किंगचे दहा रुपये कोण देणार?