सटीप संदर्भसूची

सूचीत आडनाव आधी येतं, मग स्वल्पविराम.
पहिली ओळ समासाला टेकलेली,
पुढच्या ओळी बोटभर आत.
कुरियन मॅडमनी फळ्यावर तीनदा करून दाखवलं
आणि तिन्ही वेळा मला आमचं घरच दिसलं :
आधी एकटे पप्पा, सोहारच्या किनाऱ्याला टेकलेले,
चार वर्षांनी आम्ही दोघी,
जरा आत सरकून.

विषय मीच निवडला.
समुद्रातून काढलेलं मीठ शेवटी जातं कुठे?
मॅडम म्हणाल्या, प्रश्न बरा आहे, आठ स्रोत हवेत,
आणि प्रत्येकाखाली टीप : काय सांगतो, कोण सांगतो,
तसं सांगण्यात त्याला मिळतं काय.

पहिली माहितीपुस्तिका, गुळगुळीत कागदाची.
मुखपृष्ठावर एक मूल पेलाभर पाणी पिताना हसतंय.
इतकं हसण्याजोगं पाण्यात काही नसतं.
टीप : आकडे भरपूर. ‘परिणाम नगण्य’ सहा वेळा.
नगण्य म्हणजे मोजलंच नाही,
की मोजून सोडून दिलं, ते कळत नाही.

मग एक प्रबंध. निम्मी पानं मला समजली नाहीत,
तसं लिहिलं. मॅडमनी शेजारी लाल पेनाने ‘प्रामाणिक’ लिहिलं
आणि अर्धा गुण कापला.

एका पुस्तकात बहरीनकडचे पाणबुडे भेटले,
खाऱ्या समुद्राच्या तळाशी बुडी मारून
झऱ्याचं गोडं पाणी कातडी पिशवीत भरून आणणारे.
टीप : विषयाला धरून नाही.
तरी ठेवलं.

असे सात झाले.
आठवा इस्त्रीच्या कपड्यांत सापडला,
गणवेशाच्या खिशात, घामाने फुगलेली छोटी वही.
प्लांटच्या लॉगबुकात आकडे लिहितात, ते कंपनीचे.
ही वही त्यांची. मराठीतून, पेन्सिलीने :
‘जेलीफिशने जाळी तुंबली. फावड्याने उपसले. मनगट भाजलं.’
‘सोडलेलं पाणी हाताला कोमट. आज जास्तच.
हमूद म्हणतो, इकडे जाळं टाकणं सोडलं.’
‘बायोची फी भरली. चष्म्याचं राहिलं.’

मी टाइप केलं : तांडेल, डी. जी. पाळीची वही.
अप्रकाशित. भाषांतर माझं.
आमच्या आडनावापुढे स्वल्पविराम पहिल्यांदाच पाहिला.
पप्पा रात्रपाळीहून आले, बूटसुद्धा न काढता
उभ्यानेच वाचलं आणि म्हणाले, हे काढ.
खोटं आहे का?
नाही.
मग?
मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं :
व्हिसा, घरभाडं, तुझी शाळा.
खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, बायो.
मी म्हटलं, पण पप्पा, तुम्ही तर मीठ काढायच्याच नोकरीत.
ते हसले. मग बूट काढायला खाली बसले
आणि बराच वेळ नाडीच सोडत राहिले.
आईने डाळीत मीठ घातलं की नाही,
त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

मी नाव काढलं.
‘अनामिक’चं इंग्रजी स्पेलिंग टाकलं,
तर ओळ टीवरून उडी मारून थेट एवर,
माहितीपुस्तिकेच्याही डोक्यावर जाऊन बसली.
वर्णक्रमाला कोण काय करणार?

टीप : लेखक प्रत्यक्षदर्शी, वीस वर्षं.
जे हाताला लागलं तेवढंच लिहितो.
तसं सांगण्यात त्याला काहीही मिळत नाही.
पूर्वग्रह : प्रस्तुत विद्यार्थिनीच्या बाजूने.
हस्ताक्षर किरटं.

सकाळी छापलेल्या कागदावर
पेन्सिलीने एक दुरुस्ती होती :
किरटं नाही. पाइपावर वही टेकवून लिहिलंय.