डावी कूस

बिबट्या मोजायचा तर कॅमेरे दोन लागतात,
वाटेच्या अल्याड एक, पल्याड एक,
कारण उजव्या कुशीवरची फुलं
डाव्या कुशीवर नसतात.
हे प्रशिक्षणात शिकवलं
आणि कोंडसुऱ्याच्या सड्यावर मला पाठवलं
जागेगणिक एकेक कॅमेरा देऊन.
जोडीचे होते म्हणे.
त्यांत मुंग्यांनी संसार थाटला.

भिकाजी झोरे खुंटाला कॅमेरा बांधतो
गुडघ्याएवढ्या उंचीवर, पट्टा करकचून.
मग हातापायांवर उतरतो
आणि त्याच्यासमोरून चालतो,
एकदा जाताना, एकदा येताना,
लाल दिवा लुकलुकेपर्यंत.
वाघबारशीला गावचा वाघही तोच होतो,
अंगाला राख, वर चुन्याचे पट्टे,
पोरं शेणाचे गोळे मारत
व्हाळापर्यंत पिटाळतात.
"ह्या कामाचे पैशे गावतत, बाई,
त्या कामाचो नुसतो नारळ."

कार्डावर काय येतं?
गुरं. गुरं. परत गुरं.
काटे फुलवलेलं साळिंदर.
काजू चोरणारा एक ओळखीचा चेहरा,
जो मी पुसून टाकते.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पार्वती घाडी,
हातात पिशवी, देवगडची एसटी गाठायला,
आणि नऊ मिनिटांनी
त्याच वाटेनं, कसलीच घाई नसलेला,
बिबट्या.
पार्वतीमावशीला मी अजून सांगितलेलं नाही.

वहीत दोन झाले होते:
को-तीन, उजवी कूस, खांद्यापाशी उलटा सात.
को-पाच, डावी कूस, बरगडीवर पळीसारखा डाग.
निदान एक, फार तर दोन,
असं लिहायला रकाना नाही.
आकडा वाढलेला साहेबांना बरा वाटतो.
मलाही वाटला.

मार्चअखेरीस काजूच्या कुंपणाशी फासकी,
मोटरसायकलच्या क्लचची तार,
डुकरासाठी लावलेली.
कुणी लावली ते अख्ख्या वाडीला माहीत
आणि कुणालाच माहीत नाही.
ती उजव्या कुशीवर पडली होती.
वर पळीचा डाग.
को-पाच, मादी, मी लिहिलं,
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.
मग पंचनाम्यासाठी झोऱ्यानं तिची कूस पालटली,
झोपलेल्या माणसाची पालटावी तशी,
मानेखाली हात घालून.

खांद्यापाशी उलटा सात.

एका मरणात वहीतले दोन गेले.
डॉक्टरांनी पोट उघडलं,
आणि त्याही कुशीत दोन,
मुठीएवढे,
अंगावर अजून फुलं उमटली नव्हती.
मी पेन धरून उभी.
खालून खाडीवरचा वारा येत होता,
सुकटीच्या वासाचा,
आणि डॉक्टर म्हणाले, लिहा ना, काय थांबलात.

ऐनाच्या लाकडांवर ठेवण्याआधी
साक्षीदारांसमोर नखं मोजली.
अठरा.
वर्षभरात एवढी एकच मोजणी
बिनचूक झाली.
जाळ विझेपर्यंत आम्ही चौघं बसलो.
झोऱ्यानं तंबाखू मळली आणि खाल्ली नाही,
तशीच मुठीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी वरच्या धारेवरचा कॅमेरा
मी कुणाला न विचारता खाली आणला.
झोऱ्यानं समोरासमोर दोन खुंट ठोकले,
पट्टे आवळले,
आणि हातापायांवर उतरला.
आज सावकाश चालला, जांभा गुडघ्यांना टोचत असणार.
दोन्ही दिवे लुकलुकले तरी
उठला नाही लगेच.

संध्याकाळी चौकीवर दोन्ही कार्डं घातली.
उजवीकडून: सदरा काखेत उसवलेला,
पाठीवर आडवी ऊन-सावली.
डावीकडून, त्याच सेकंदाला:
मान माझ्या दिशेनं वळलेली,
तोंड उघडं, काहीतरी विचारतोय.

फोटोत आवाज येत नाही.