शेरा

मे महिना. अमरावती रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं.
वनस्पतिशास्त्राच्या मागल्या खोलीत, लोखंडी कपाटांमधे,
एका शीटला अकरा रुपये या कंत्राटावर
मी वाळलेल्या झाडांची नावं टाइप करतो.
कूळ. जात. ठिकाण. तारीख. कोणी तोडलं.
शेवटचा रकाना शेरा. तो बहुधा रिकामाच.

समोर पंचफुलाबाई, सुई घेऊन.
कागदावरून सुटलेल्या काड्या त्या परत शिवतात,
चौतीस वर्षं,
गोधडीच्या टाक्याने, गाठ मागून.
पुढून गाठ दिसली तर झाड लाजते, म्हणतात.

त्या दुपारी गठ्ठ्यातून ती निघाली,
कोण्या दूरच्या बेटावरची फांदी.
अदलाबदलीत आलेली. इथून पळस गेला असावा.
पानं जाड, खालून लोकरीसारखी,
टोकाला शेवंतीएवढी फुलं, पांढरी होती म्हणे,
आता चहाच्या रंगाची.
आणि शेरा भरलेला, शाई फुटलेली:
कड्यावर. एकच झुडूप. याखेरीज कुठेही नाही.
फांदी तोडताना हात थरथरला.

असं कोणी लिहीत नाही शेऱ्यात.

"कुठी आहे हे?"
मी फोनवर नकाशा उघडला. निळं.
दोन बोटांनी ताणलं. आणखी निळं.
मग एक ठिपका,
काचेवरची धूळ समजून बाईंनी पदराने पुसला.
गेला नाही.
"समुद्र नाही पायला म्या. इथून तर
चारी बाजूनं सारखाच लांब पडते."
खरं आहे. झिरो माइलच्या दगडापासून
कुठेही निघा, जमीनच लागते,
तिच्यापुढे पुन्हा जमीन.

कूळ टाइप केलं: सूर्यफुलाचं.
म्हणजे झेंडू याचा चुलता, करडई आत्या,
आणि बेसा रोडच्या रिकाम्या प्लॉटांत कमरेएवढं माजलेलं,
ज्याने बाईंचे कोपर दर पावसाळ्यात फुलतात,
ते गाजरगवतही.
"त्या हलकटाचं हे सोयरं?"
बाई हसल्या, कोपर खाजवत.

या कुळात एक फूल म्हणजे एक फूल नसतं.
शंभर जणी दाटीवाटीने एका देठावर
एकच तोंड करून बसतात.
बियांना केस असतात, वाऱ्यावर म्हातारी होऊन जातात.
अशीच एखादी केव्हातरी समुद्र ओलांडून गेली असेल.
मग तिथे ज्या उडाल्या, त्या पाण्यात पडल्या.
जड होत्या त्या आईच्या पायाशी रुजल्या.
पिढ्यांमागून पिढ्या केस गळत गेले.

फांदीजवळ घडीचं पाकीट, आत तीन बिया.
वय बासष्ट.
नियमात बसत नाही, पण एक
बाईंनी नखावर उचलली.
मी स्क्रीनकडे पाहत राहिलो.

दह्याचा कप. कूलरखालची ओली माती. खिडकी.
रोज अकराला बाई आधी कपाकडे, मग सुईकडे.
एकविसाव्या दिवशी हिरवं काही.
"आलं रे!"
मी बोललो नाही.
आठवड्याने पानं कातरली गेली, ओळखीची.
माती अंगणातलीच होती ना.

बाईंनी उपटलं नाही.
एक पान चिमटीत धरलं, उघड्या बोटांनी,
"काहून बापा, तुले कुठी बी चालते,"
त्यालाच म्हणाल्या,
आणि बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं.

शीट क्रमांक चार हजार एकशे सात.
शिवून झाली. गाठ मागे.
बिया तीन लिहिलं होतं, खोडून दोन केलं.
शेरा जसाच्या तसा, थरथरलेल्या हातासकट.
खाली थोडी जागा उरली होती.
कर्सर तिथे उघडझाप करत होता
आणि बाई दातांनी दोरा तोडत विचारत होत्या,
"वारा कोणीकडून येते तिथं,
ते नाही लिहिलं का रे त्यानं?"